एक मुंगी चढली की

आमच्या काकांना डास चावत नाहीत. ही बढाई नव्हे, घरातल्या सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. पाहुणे आले की काकांच्या शेजारच्या अंथरुणासाठी ओढाताण चालते. धान्याला किडे लागले की काकू त्यांना कोठीच्या खोलीत खुर्ची टाकून देते आणि म्हणते, "अहो, जरा दुपारभर बसा इथे." काकाही मान ताठ करून बसतात.

पस्तीस वर्षं ते वांग्या-टोमॅटोंवर औषध फवारत आले. पाठीवर पंप, अंगात विटका सदरा, तोंडावर काही नाही. पंपाचं नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकायचं आणि मग थुंकायचं, एवढीच त्यांची खबरदारी. औषध ढवळायला काठी होती, पण ती कायम शेताच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून हातच कोपरापर्यंत बादलीत. कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं, "मला काय होतंय? उभा आहे ना तुझ्यासमोर धडधाकट?"

उभे होते हे खरं. पण सदऱ्याची बटणं आताशा काकू लावायची. काकांची बोटं थरथरायची आणि त्यांचं म्हणणं असं की हल्ली बटणंच लहान करतात. आम्ही फडक्याने धरतो तो चहाचा ग्लास ते नुसत्या मुठीत धरून बसायचे, आणि आम्ही कौतुकाने बघायचो.

नाकाची तर तऱ्हाच वेगळी. वास येईनासा झाला तेव्हा काकांनी औषधवाल्या दुकानदाराशी भांडण काढलं. "भेसळ करतोस! पूर्वी झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं." दुकानदाराने बाटली उघडून नाकाशी नेली मात्र, त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "नाटकी मेला," असं म्हणून काका घरी आले आणि एका पंपाला दोन झाकणांऐवजी तीन टाकू लागले. पुढे चार. नाक जसजसं जात गेलं तसतशी झाकणं वाढत गेली. हे सांगताना मला हसू येतं आणि लगेच स्वतःचा रागही येतो, कारण तेव्हाही मी नुसती हसतच होते.

मग ताई, म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, आपल्या आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला आली. काका शेतातून होते तसेच हात पसरून धावले. ताईने पोरीला मागे ओढलं.

"बाबा, हात लावू नका. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलंय. आधी फवारणी बंद करा, अंघोळ करा, कपडे बदला. एवढ्याशा जिवाला बाधतं हे."

"तुला याच हातांनी खेळवलं! आणि पीक काय तुझी डॉक्टरीणबाई बघणार?"

त्या पोरीसाठी काकांनी चार महिने आधीपासून पाळणा रंगवून ठेवला होता. आता तो हलवायचीही बंदी. दोन दिवस ते पाळण्याकडे पाठ करून जेवले. शेवटी काकूने निवाडा केला.

"स्वयंपाकघराच्या दाराशी मुंग्यांची रांग असते. तळहातावर साखर घेऊन बसा. एक मुंगी चढली की नात तुमच्या मांडीवर. मग ताईचंही मी ऐकणार नाही."

"एक? दहा चढवून दाखवतो," काका म्हणाले.

सकाळी फवारून आले, हात विजारीला पुसले आणि बसले जमिनीवर तळहात टेकून. रांग सरळ येत होती. बोटांपासून वीतभर अंतरावर ती वळली, काकांना मोठा वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा सरळ झाली. काकांनी हात सरकवला. रांगही सरकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखर बदलली. तिसऱ्या दिवशी मध आणला. चौथ्या दिवशी, मुंग्या शेजारच्यांच्या आहेत आणि त्यांना मुद्दाम शिकवून पाठवलंय, असं जाहीर केलं. पाचव्या दिवशी एक मुंगी करंगळीपर्यंत आली. सगळं घर श्वास रोखून उभं. तिने मिशा हलवल्या आणि ती अशी पळाली की काकांचं तोंड पाहवेना.

"आधी फवारणी थांबवा, मग बसा," ताई म्हणाली.

"त्याचा काय संबंध?" काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीही फवारूनच आले.

त्या दिवशी मी भाजी निवडत होते. काका डोळ्यांत तेल घालून रांगेकडे पाहत होते, म्हणून त्यांना मागून येणारी नात दिसली नाही. ती रांगत, मुंग्यांची रांग तुडवत, थेट त्यांच्या तळहातापाशी पोचली. साखर चकाकत होती. तिने तोंड उघडलं आणि वाकली.

"नको! नको गं, हात विषारी आहे माझा!"

काकांनी हात इतक्या जोरात वर घेतला की ते मागच्या मागे पडले. साखर छपराला लागली. पोरगी भोकाड पसरून रडू लागली. काका उताणे, हात छताकडे ताठ, आणि ओरडतायत, "आधी तिला उचला! तोंडात गेलं का काही? बघा तोंडात!"

काही गेलं नव्हतं. ताईने तिला उचललं. हात विषारी आहे, हे वाक्य पस्तीस वर्षांत आम्ही कुणी काकांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही.

काका उठून नळावर गेले. हात धुवायला लागले ते साबणाची वडी संपेपर्यंत. पंप त्यांनी शेतातल्या खोपटात टांगला तो टांगलाच. आता वांग्यांना किडे आहेत, आणि काका ते एकेक वेचून डब्यात टाकतात. बोटं थरथरतात त्यामुळे निम्मे सुटतात.

ताईचा महिना संपत आला तरी मुंगी चढलेली नाही. काकूची अट ताईच मोडायला तयार आहे. "बाबा, पंधरा दिवस झाले, अंघोळ झाली, कपडे धुतले. घ्या आता तिला."

"अजून नाही," काका म्हणतात, "मुंगी चढू दे."

पोरीला मात्र आजोबाच हवेत. त्यांना पाहिलं की ती सगळ्यांना सोडून त्यांच्याकडे रांगत सुटते. आणि काका, दोन्ही हात पाठीमागे धरून, एकेक पाऊल मागे जात राहतात, पार भिंतीला टेकेपर्यंत.