रुसवे काढणारे मामा

लग्नात कुणी रुसलं की आमच्या इतवारी भागातली माणसं आधी आचाऱ्याला थांबायला सांगत आणि मग माझ्या मामांना बोलावत. नवरदेवाचा चुलता गुलाबपाणी शिंपडलं नाही म्हणून फाटकापाशी उभा असो, की साडी फिकी आली म्हणून आत्याबाई पिशवी भरत असोत. मामा पान लावत शेजारी जाऊन बसत. थोड्या वेळाने तोच माणूस पंगतीत पुन्हा बुंदी मागत असे.

मामांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे कुणाकडे लग्न निघालं हे त्यांना भटजींच्या आधी कळे. रुसलेल्याला ते कारण कधीच विचारत नसत. उन्हाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत आणि उठताना सहज त्याचा हात धरत. मला म्हणाले होते, “कारण विचारलं का वं, त्याले ते खरं वाटाले लागते.”

घरी आल्यावर मात्र ते त्या सगळ्यांच्या नकला करत. “शहाणासुरता माणूस, अन् गुलाबपाण्यासाठी रडून राहिला होता,” असं म्हणत. आम्ही पोट धरून हसायचो. हा माणूस स्वतः कधी रुसेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास माझं लग्न ठरलं. आमच्याकडे गणपतीपुढे ठेवल्यानंतर आमंत्रणाची पहिली अक्षत मुलीच्या मामाच्या घरी जाते, आणि ती वडिलांनी न्यायची असते. बाबा वऱ्हाडाच्या उतरण्याच्या सोयीत अडकले होते, म्हणून त्यांनी माझ्या भावाला पाठवलं. मामांनी अक्षत घेतली, त्याला चहा पाजला, सगळ्यांची विचारपूस केली. तो गेल्यावर मामीला एवढंच म्हणाले, की जावई स्वतः आले नाहीत.

लग्नाच्या दिवशी ते आलेच नाहीत. आईचं सारं लक्ष फाटकाकडे. तिने बाबांच्या विनवण्या केल्या, पण बाबा त्या घरचे जावई, आणि जावयाने सासरी जाऊन हात जोडायची आपल्यात रीत नाही. “साऱ्या गावाले समजावणारा माणूस. त्याले मी काय समजावू? येईन तो आपल्या पायानं,” बाबा म्हणाले. समजूत काढायला बोलवावं असा गावात एकच माणूस होता, आणि तोच रुसला होता.

भटजींनी मुलीच्या मामांना हाक दिली तेव्हा आईचा कुणी लांबचा मावसभाऊ मला घेऊन उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी रडत होते. सासर-माहेरच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, पोरीला माहेर सोडवत नाही. माझ्या लग्नाचा मला आजही राग येतो.

पुढे मामा आणि बाबा इतरांच्या लग्नांत भेटत. मामा तिथेही भलत्यांचे रुसवे काढत आणि बाबांसमोरून मान फिरवून जात. असंच करत एक दिवस मामा गेले.

तेराव्याला मामीने सांगितलं, की माझ्या लग्नाच्या दिवशी मामा सकाळपासून लग्नातला कोट घालून तयार होते. रिक्षाचा आवाज आला की दारात जात.

 बाबा म्हणाले, “मी निघालो होतो, वहिनी. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. ते कोट घालून दारात उभे दिसले. वाटलं, निघालेच आहेत, तर मी काहून जाऊ?”

मामीने डोळे पुसले नाहीत.

“त्यायनं पाहिलं होतं तुम्हाले,” ती म्हणाली. “मागं फिरताना.”