धक्का खाल्लेली सीट

घरात नवी वस्तू एकटी येत नाही, चार माणसांची मतं बरोबर घेऊन येते, आणि किस्से साचतात ते त्या मतांमुळं. आमच्याकडं फ्रिजचा एक किस्सा आहे, मिक्सरचा अर्धा. पण शंभूच्या कार-सीटचे इतके झालेत की मी कामाला असते त्या लॅबमध्ये डबा उघडला की मैत्रिणी विचारतात, "आज सीटचा कुठला?" मग मी सांगते. मला तसंही गप्प बसवत नाही.

आधी माणसं सांगते. मी आणि माझा नवरा दीपक सांगलीत राहतो. शंभू आमचा मुलगा, अडीच वर्षांचा. गाव कवठे महांकाळच्या पुढं. तिथं सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, आणि सासरे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. नणंद रूपाताई आटपाडीला दिलीय. माझं माहेर लोणंदचं, पण भाऊ पुण्यात असतो आणि या सगळ्याची सुरुवात त्यानं केली. शंभूच्या वाढदिवसाला सायकल आणायची सोडून तो कार-सीट घेऊन आला.

*

लाल-काळी सीट, तान्ह्या बाळापासून चार वर्षांपर्यंत चालणारी, खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे बेल्ट. वाढदिवसाला आलेल्या आत्तींनी ती चारी बाजूंनी बघितली.

"पोराला बांधून ठेवत्यात व्हय गं? त्येनं काय गुन्हा केलाय?"

दुसऱ्या दिवशी आत्ती, आबा आणि शंभू दीपकबरोबर बाजाराला निघाले. मी स्वतः शंभूला सीटमध्ये बसवलं, सगळे बेल्ट लावले, ओढून बघितले. गाडी परत आली तेव्हा शंभू आत्तींच्या मांडीवर, तोंडभर भेळ. आणि सीटमध्ये एक मोठं कलिंगड, सगळे बेल्ट व्यवस्थित लावलेलं.

"आत्ती, हे काय?"

"आगं, गडगडत हुतं की त्ये. फुटलं असतं."

कलिंगड लालबुंद निघालं. मी रागारागानं दोन फोडी खाल्ल्या आणि जाहीर केलं की यापुढं शंभू माझ्याशिवाय गाडीत बसणार नाही.

*

आता अपघात. दीपक अजून त्याला अपघात म्हणत नाही, "टच झालं" म्हणतो.

आम्ही गावाला निघालो होतो. मी मागं शंभूशेजारी. अचानक रस्त्यावर मेंढरं आडवी आली, दीपकनं कचकन ब्रेक मारला आणि मागून द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप येऊन आदळली. डिकी आत गेली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मी शंभूकडं वळले. तो बेल्टात होता तसा होता. डोळे एवढे मोठे करून माझ्याकडं बघितलं, मग हसला आणि म्हणाला, "परत."

पिकअपवाला उतरून आधी द्राक्षं बघायला मागं पळाला. मग आमच्याकडं आला आणि पोराला बघून मटकन रस्त्यावर बसला. "लागलं न्हाई न्हवं, ताई?" त्यानं विचारलं. दीपक बाह्या सावरत भांडायला उतरला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात द्राक्षांचा क्रेट होता.

गावी पोचल्यावर आत्तींनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी शंभूची दृष्ट काढली. मग म्हणाल्या, "ती खुर्ची आण." सीट अंगणात ठेवली आणि तिचीपण काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर कुणालाच ठसका लागेना.

"बघा, केवढी लागली हुती," आत्ती म्हणाल्या.

"पोराला का खुर्चीला?" आबांनी विचारलं.

"दोघास्नी."

*

भावाला फोन केला तर तो पहिलं वाक्य हेच बोलला, "ती सीट आता वापरू नकोस. बदल." एकदा धक्का खाल्ला की सीट आतून गेलेली असू शकते, वरून दिसत नाही, आणि पुढच्या धक्क्याला ती पोराला धरेल याची खात्री नसते. मी सीट उलटी करून बघितली. खाली काळ्या प्लास्टिकवर एक पांढरी रेघ होती, वाकून चिरल्यासारखी. दीपकला दाखवली तर म्हणे, "खरचटलंय गं. टच तर झालं होतं."

मी ठरवलं, हीच रेघ सगळ्यांना दाखवायची. पण तोवर गाडी मिरजेला इकबालभाईंच्या गॅरेजला गेली, आणि गाडीत सीट. इकबालभाई आमचे जुने डेंटिंग-पेंटिंगवाले, मनानं फार चांगले. गाडी न्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी सीटच हातात दिली.

"वैनी, भेग पडली हुती खाली, बघितली का तुमी? प्लास्टिकचं वेल्डिंग मारलं, घासली, पॉलिश केलं. आता बनवणाऱ्यालाबी कळायचं न्हाई. आणि ह्येचं काय लावलेलं न्हाई बिलात. पोराचं काम हाय."

मी सीट उलटी केली. रेघ गेली होती. माझा एकुलता एक पुरावा चकाचक चमकत होता. मी थँक्यू म्हणाले, दुसरं काय म्हणणार.

*

मग घरात रोजचा वाद. दीपक म्हणे, "दाखव कुठं मोडलीय." वाद गावापर्यंत गेला तेव्हा आबांनी तोडगा काढला, "टेस्ट घिऊ या की."

शंभूच्या वजनाइतकी ज्वारी पोत्यात भरली. पोतं सीटमध्ये बसवलं, बेल्ट लावले. आबा स्वतः स्टिअरिंगवर बसले, शेतातल्या पांदीच्या रस्त्यानं गाडी सुसाट पळवायची आणि खच्चून ब्रेक मारायचा, असं त्यांनी मन भरेपर्यंत केलं. आम्ही बांधावर उभे. पोतं जागचं हललं नाही. आबांनी मात्र स्वतःचा बेल्ट लावला नव्हता, त्यामुळं उतरले तेव्हा कपाळावर टरटरून टेंगूळ.

"पास हाय," एका हातानं कपाळ दाबत ते म्हणाले. "फिट फॉर ड्यूटी."

आत्ती हळद लावत होत्या तेव्हा मी विषय काढलाच. "आबा, फौजेत गोळी लागलेलं हेल्मेट परत घालायला देतात का?"

आबांनी आत्तींचा हळदीचा हात बाजूला सारला. मला वाटलं, पटलं.

"देत न्हाईत," ते म्हणाले. "पर ज्येचा जीव वाचला त्यो ते टाकतबी न्हाई."

*

मी हट्टच धरला. शंभूला त्या सीटमध्ये बसवणार नाही, आणि सीटशिवाय गाडीतही बसवणार नाही. पुढच्या वेळी गावाला मी त्याला घेऊन एसटीनं निघाले. दीपक स्टँडवर सोडायला आला.

"एसटीत कुठला बेल्ट आहे?"

"माहितीय मला."

"मग?"

"मग काही नाही. जा तू."

बरोबर त्याचंच होतं. पण मला भीती वाटत होती. रात्री झोप लागली की तो ब्रेकचा आवाज यायचा, आणि ती भीती कुठं ठेवू ते कळत नव्हतं. एसटीत शंभूला इतकं घट्ट धरलं होतं की तो रडायला लागला.

परत आल्यावर मी सीट घंटागाडीत टाकायला खाली नेली. गाडीवरची बाई म्हणाली, "चांगली हाय की, मॅडम."

"आतून मोडलीय."

"कुठं?"

मी बोट दाखवलं तिथं इकबालभाईंचं पॉलिश चमकत होतं. मी सीट तशीच तिच्या हातात देऊन वर आले. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन उभे, हातात सीट, स्वच्छ पुसलेली.

"घंटागाडीवाली दिऊन गेली. म्हणाली, मॅडम रागात हुत्या, घरात काय तर झालं आसंल. उद्या मागत येतील."

दीपक हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. रविवारी त्यानं सीट गावाला नेऊन ठेवली.

*

तिथं वेगळंच सुरू झालं. आमच्याकडं जन्मलेल्या बाळाला आधी नवं कापड घालत नाहीत. ज्या घरातलं पोर धडधाकट आहे त्या घरचं जुनं झबलं मागून आणतात. पाळणाही असाच या घरातून त्या घरात फिरतो. आणि आता गल्लीत झालं, की गाडीचा चेंदामेंदा झाला आणि ह्या खुर्चीतल्या पोराला खरचटलंबी न्हाई. चेंदामेंदा हा शब्द आत्तींचा.

बायका बाळं घेऊन यायच्या, बाहेरच्या सोप्यात ठेवलेल्या सीटमध्ये जरा टेकवायच्या आणि घेऊन जायच्या. मी समजावत सुटायचे की ही सीट खराब झालीय, हिच्यापासनं लांब राहा. त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि बाळ टेकवायच्या. एका बाईनं तर सीट कायमची मागितली.

"अहो, पण तुमच्याकडं गाडी कुठाय?"

"आज न्हाई," ती म्हणाली. "व्हईल की."

*

आणि मग रूपाताईंचा फोन आला. त्यांना आठवा महिना लागला होता.

"वैनी, ती खुर्ची कुणाला दिऊ नगा. मला पायजे."

मी फोन कानाला लावून या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागले. सगळं सांगितलं. धक्का, आतली भेग, वेल्डिंग, भाऊ काय म्हणाला ते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुमी म्हणताय ते खरं आसंल, वैनी," त्या शेवटी म्हणाल्या. "पर मागच्या बारीला आमी सगळं नवंच आणलं हुतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं बाळ दवाखान्यातून घरी आलंच नव्हतं.

"ठेवते बाजूला," मी म्हणाले. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. हो म्हटलं होतं, म्हणजे त्यांचं बाळ त्या सीटमध्ये बसणार. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

*

शेवटी भावाला सांगून दोन सीट मागवल्या. एक निळी, शंभूला. दुसरी अगदी तशीच, लाल-काळी.

दीपकनं खोकी बघितली. "रूपाला सांगायचं नाही?"

"तू सांगतोस?"

तो गाडी धुवायला खाली निघून गेला.

"कव्हर धुऊन आणते," असं आत्तींना सांगून मी जुनी सीट सांगलीला आणली. तिचे बेल्ट कात्रीनं कापायला बसले तर कात्री चालेना, मग विळीवर कापले. या खेपेला घंटागाडीवालीनं काही विचारलं नाही. नव्या लाल-काळ्या सीटवरची लेबलं काढली, पिशव्या काढल्या आणि शंभूला तिच्यात बसवून आठवडाभर बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, दूध, जे मागेल ते दिलं. एरवी सांडलं तर ओरडणारी आई आता नुसती बघत का बसते, हे त्याला कळेना.

रूपाताईंना मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच होतं. बाळबाळंतीण दोघी सुखरूप. आटपाडीला लावून द्यायचा दिवस ठरला, तेव्हा दाजी गाडी घेऊन गावी आले, आम्ही सीट घेऊन. आबांनी सीट स्वतः मागं बसवून घेतली, हलवून बघितली. दारात गल्लीतल्या बायका जमल्या. आत्ती कुंकवाची कोयरी घेऊन गाडीपाशी आल्या आणि सीटकडं वाकून बघायला लागल्या.

"कव्हर लय उजाळलंय गं."

"धुतलं ना, आत्ती."

"तीच खुर्ची न्हवं?"

मी पदर सावरला. कव्हरचं खोटं जमलं होतं, पण तोंडावर एवढं मोठं खोटं आत्तींशी मी कधी बोलले नव्हते, आणि बायका सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

रूपाताई तोवर बाळाला सीटमध्ये ठेवत होत्या. डोक्यामागची उशी जरा वर सरकवायला त्यांनी खाली हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ते बाहेर काढलं. नव्या बुटांच्या खोक्यात येते ना, ओल धरू नये म्हणून ठेवलेली पांढरी पुडी, ती. सगळं उलटंपालटं करून बघितलं होतं मी. तेवढी उशी राहिली होती.

त्यांनी पुडी बघितली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"काय गं ते?" आत्तींनी विचारलं.

रूपाताईंनी मूठ मिटली. "काय न्हाई. शंभूच्या खाऊचा कागद ऱ्हायलाय."

मग वाकून त्यांनी बाळाचा एकेक बेल्ट लावला आणि ओढून बघितला.

"तीच हाय, आई," त्या म्हणाल्या. "लाव कुंकू."