बेंबी जागेवर होती

घाटंजीजवळच्या तांड्यात कुणाचं पोट दुखलं की पहिली हाक धुरपताबाईला, देवाला दुसरी. सरकलेली बेंबी जागेवर आणण्यात म्हातारीचा हातखंडा. बेंबीपासून पायाच्या अंगठ्यांपर्यंत दोरा धरायचा, दोन्हीकडचं माप जुळलं नाही की तेल लावून पोट चोळायचं. हात कधी फसला नाही म्हणे. निदान तिचं म्हणणं तरी तसंच होतं.

आणि आता घरातली सून शीलाच पोट धरून गडाबडा लोळत होती. धुरपताबाईनं दोरा दोनदा धरला. माप तंतोतंत. बेंबी जागेवर, मग दुखतं काय? तिची मती गुंग झाली. तरी सवयीनं पोट चोळलंच. शीला किंचाळली, तसं मुलगा राजकुमारनं तिला गाडीत घालून यवतमाळला नेलं.

"पोट कोणी चोळलं?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले. धुरपताबाईनं तेलकट हात पदराखाली लपवले. अपेंडिक्स असावं, ऑपरेशन करावं लागेल, असं ठरलं. राजकुमारनं सहीसाठी पेन हातात घेतलं, तेव्हा म्हातारीला आठवलं. दोरा धरताना शीलाच्या नडग्यांवर तिनं लाल-जांभळे ठिपके पाहिले होते. कापूस वेचताना काही चावलं असेल, असं तिला वाटलं होतं. आता बोलावं तर चोळल्याचं उघडं पडणार. शिवाय ठिपके पायावर, दुखणं पोटात; दोन्हींचा संबंध तरी काय?

"थांबा बाई," ती म्हणाली. "मीच चोळलं. पन हिच्या पायावर ठिपके हायेत, ते पह्यले पाहा."

डॉक्टरीणबाईंनी चादर वर केली, ठिपके दाबून पाहिले. पुन्हा तपासण्या झाल्या. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली होती, पायातल्या आणि आतड्यातल्याही. असं क्वचितच होतं म्हणाल्या. ऑपरेशन थांबलं, औषधं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी शीला भाताची पेज प्याली.

"सूज आली कायच्यानं?" धुरपताबाईनं विचारलं.

"नेमकं सांगता येत नाही, आजी."

एवढं शिकून यांनाही ठाऊक नाही! यावर हसावं की घाबरावं, म्हातारीला उमगेना.

"याडी," शीलानं सासूला हाक मारली, "पोटावर हात ठेव ना."

"दुखून राह्यलं?"

"नाई. नुसता ठेव."

चोळून आपण हिला मारलंच असतं, असं धुरपताबाईच्या मनात आलं. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, मग ठेवला. तो किती दाबायचा, हे तिला जन्मात पहिल्यांदाच कळेना.