सी पाळीची बादली

कुलूप लागलेल्या मिलची रात्रपाळी पुन्हा चालू झालेली पाहिलीय तुम्ही? आमच्या चाळीत झाली! मिलचा भोंगा थांबला, पण किस्से थांबेनात. धुण्याच्या दगडावर रोज एक नवा.

झालं असं, की एक डॉक्टरबाई आल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी मिलची झांकी, म्हणजे देखावा, बनायची त्या शेडमध्ये त्यांनी लिव्हरच्या एका आजारासाठी रक्त तपासायचं टेबल मांडलं. लोकांना बोलावून आणायचं काम माझं.

पहिल्या आल्या शांताआजी. बोट पुढे करून म्हणाल्या, "मिलनं आयुष्यभर रक्त घेतलं, तुम्ही थेंबभर घ्या. पण आत काय निघालं ते सांगायचं हं! मिलनं कधी सांगितलं नाही."

*

गल्लीत एक सुईवाले डॉक्टर होते, सगळ्यांचे 'भिया', म्हणजे भैया. ताप असो की खोकला, एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचे. लिव्हरचा हा आजार अशाच सुईतून पसरतो, असं बाईंनी सांगितलं आणि ते तणतणत शेडमध्ये आले.

"मेरा धंधा चौपट करोगी क्या?"

मी म्हटलं, "बसा भिया, आधी तुमचं रक्त बघू."

बोटाला सुई लागायच्या आधीच भियांना चक्कर!

*

शेजारचे दत्तूभाऊ मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांचा रिपोर्ट आला. बाई हळूच म्हणाल्या, "दत्तूजी, हेपटायटिस आहे. सी."

"सी?" भाऊ हसले. "अहो, सी पाळी तर मी जन्मभर केली!"

मिलमध्ये रात्रपाळीला सी पाळी म्हणायचे. सकाळी ती मंडळी सुटून आली, की चाळीच्या नळावर पहिला नंबर त्यांचा. पुढे आजाराचंही नाव तेच पडलं.

*

इंजेक्शन घेतलं, की भाऊंना थंडी वाजून ताप. कुडकुडत विचारायचे, "बाई, हे औषध माझ्या बाजूचं आहे की आजाराच्या?"

"तुमच्याच. फक्त मध्येच सोडायचं नाही. सोडलंत तर आजार उलटेल."

*

एक दिवस दत्तूभाऊंची बादली बघून चौबेजी नळ अडवून उभे राहिले. तेही मिलचेच. "इनकी बाल्टी यहाँ नहीं लगेगी. बीमारी फैलेगी."

"रक्तानं पसरतो, पाण्यानं नाही," बाईंनी परोपरीनं सांगितलं. ऐकेनात! दत्तूभाऊ घरात जाऊन पिशवी भरू लागले. "देवासला भावाकडे जातो. इंजेक्शनं पुरे झाली."

त्यांची बायको, आमच्या कमलवहिनी, कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्या रिकामी बादली घेऊन नळावर आल्या.

"चौबेजी, मिल चालू होती तेव्हा या नळाचा कायदा काय होता?"

चौबेजी पुटपुटले, "पहला नंबर सी पाळी का."

"मग? यांची सी पाळी अजून सुटलेली नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्यात पुढे दत्तूभाऊंची बादली होती, तिच्यामागे आमच्या.