कुंताबाईंची सीडी

धानोऱ्याच्या बसथांब्यापाशी डोमाचं मोबाईलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टपरी, एक जुना कॉम्प्युटर आणि दोन स्टुलं. दोन हजार नऊच्या सुमारास तालुक्यातल्या खिशाखिशांत मोबाईल आले आणि त्यांच्या कार्डांत पैसे घेऊन सिनेमातली गाणी भरायची ती डोमानंच. घरची मासेमारी भाऊ बघायचे, हा इथं गाण्यांत रमलेला. मोठा सुखी जीव!

त्यातही त्याच्या खास आवडीची कुंताबाईंची गाणी. बाई झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत गायच्या. पदरमोड करून त्यांनी स्वतःच्या गाण्यांची सीडी काढली होती. डोमानं ती मंडईच्या जत्रेत विकत घेतली, कॉम्प्युटरवर उतरवली आणि येईल त्याच्या कार्डात, न मागता, फुकट घालायला लागला. आपल्या भागातल्या बाईचं नाव होऊ दे, एवढाच हेतू. वेडा अगदी पुण्य करत असल्याच्या थाटात करायचा.

एक दिवस खुद्द कुंताबाईच टपरीसमोर उभ्या राहिल्या. डोमाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं स्टूल पुसलं, चहा सांगितला आणि हौसेनं म्हणाला, "बाई, तुमचे गाणे मी गावोगाव पोचवून राह्यलो."

"त्याच्यासाठीच तं आली," बाई म्हणाल्या. "सीड्यांचा खोका जसाच्या तसा घरी पडून हाये. लोक म्हणते, डोमा फुकट देते. मले दुसरी सीडी काढाची होती. आता कायच्या भरवशावर काढू?"

डोमाचा चेहरा उतरला. तरी तो पुटपुटला, "पण बाई, गाणं देल्ल्यानं कमी थोडीच होते?"

"तुह्या गावच्या तलावात मासोळीचं बीज कोण टाकते?"

"आमची मच्छीमार सोसायटी."

"अन् बाहेरच्यानं येऊन जाळं टाकलं तं?"

डोमाला गावची रीत आठवली. त्यांच्या गावात अशा माणसाचं जाळं जप्त व्हायचं आणि चारचौघांत चूक कबूल केल्याशिवाय परत मिळायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात तर त्यानं स्वतःच एकाचं जाळं ओढून आणलं होतं, वर चार शब्दही सुनावले होते.

"याचा कायदा बी हाये," बाई म्हणाल्या. "पोलिसात गेली असती तं तुहा कॉम्प्युटर उचलून नेला असता. पण तुह्या मनात खोट नाई, म्हणून तुह्याकडेच आली."

डोमाला लाज वाटली, खरीखुरी लाज. त्यानं गाणी भरायचा कार्ड रीडर कॉम्प्युटरातून उपसून बाईंच्या हातावर ठेवला. "हे माहं जाळं, जमा करा." आणि गिऱ्हाइकांदेखत चूक कबूल केली. बाई खळखळून हसल्या, रीडर परत दिला आणि सीड्यांचा खोका त्याच्याच टपरीवर पाठवून दिला.

बाजाराच्या दिवशी डोमानं घसा फोडून सीड्या विकल्या. लोक कुरकुरले, "कालपर्यंत फुकट देत होता ना बे!" तो म्हणायचा, "चुकलो होतो ना बाप्पा! आता विकत घेऊन आयका." एकानं तर घरी सीडी वाजवायची सोय नसताना निव्वळ बाईंच्या फोटोपायी घेतली. संध्याकाळी खोका रिकामा होता. बाजाराला आलेल्या बाई दुसऱ्या सीडीचं नक्की करून हसतमुखानं गावी गेल्या.

डोमा तरंगतच घरी आला. बायकोला, रीताला, सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. भात वाढता वाढता ती म्हणाली, "बेस झालं. पण त्या सिनेमातल्या गाण्याचं काय? त्या गाणाऱ्या बाया धानोऱ्यापर्यंत येऊ शकत नाई, म्हणून चालते काय?"

डोमाचा घास हातातच राहिला. दुकान चालायचं ते त्याच गाण्यांवर, हे तिलाही ठाऊक होतं.