अंगठा कोरडा राहिला होता

बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी सगळाच्या सगळा पाण्याखाली गेलो, अशी माझी समजूत होती. एक अंगठा कोरडा राहिला होता, हे कळायला तीन वर्षं लागली.

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात मी पंचवीस वर्षं कापड मोजतो. थान हवेत असं उलगडायचो की गिऱ्हाईक कापड सोडून माझ्याकडेच पाहायचं. तेवढ्यात अंगठा आपलं काम उरकायचा. लोखंडी मीटरच्या टोकाशी कापड अंगठ्याने दाबायचं आणि पुढचा मीटर अंगठ्याच्या अलीकडून धरायचा. दर मीटरला अंगठाभर कापड दुकानातच राहायचं.

प्रभूकडे आलो आणि दारू सुटली, शिव्या सुटल्या. चर्चच्या मंडळीत उभं राहून प्रभूने मला कसं बदललं ते सांगायचो, ती माझी साक्ष लोक आवडीने ऐकत. पिऊन नालीत पडल्याचा प्रसंग तर मी पडूनच दाखवायचो. बायको म्हणायची, "अहो, साक्ष देऊन राहिले का नाटक करून राहिले?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की आत खुटखुटायचं. माणूस बदलला, की नुसता वेश?

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एक म्हातारी बाई दुकानात आली. तिला पांढरी साटीन हवी होती. "नवरा गेला, भाऊ. सक्करदऱ्याले, तलावाजवळ, आमच्या अंगणातच पेटी बनून राहिली. आतून लावाले पाहिजे. साडेपाच मीटर द्या." मी मोजू लागलो. दोन मीटर झाले तेव्हा ती हळूच म्हणाली, "नाही, सहा करा."

ती गेली आणि गादीवरून मालक खूश होऊन म्हणाले, "देव बदलला, पण अंगठा जुनाच हाय गा तुझा!"

मी अंगठ्याकडे पाहिलं. एका मेलेल्या माणसाचं शेवटचं अंथरूण मी तोकडं केलं होतं. ठरवून केलं असतं तर निदान पाप करताना मला कळलं तरी असतं. इथे तर हाताने मला विचारलंही नव्हतं.

माझ्या पैशाने मीटरभर साटीन फाडून घेतली आणि स्कूटर काढली. वाटेत झकास संवाद रचला, 'मावशी, ही दुकानाकडून भेट.' इज्जतही राहील आणि कापडही पोचेल. पण अंगणात ती उघडी पेटी दिसली आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. चार माणसांसमोर तोंडातून निघालं, "मावशी, मी तुमचं कापड चोरलं."

ती शांतपणे म्हणाली, "पाहिलं होतं मी. म्हणूनच तं सहा म्हटलं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"आज भांडाची ताकद नाही, भाऊ. तवाच माफ करून टाकलं होतं. आता आलेच आहात तं इकडे या, सुताराले एक हात कमी पडून राहिला."

मी पेटीशी गुडघ्यांवर बसलो. सुतार खिळे मारत गेला आणि मी कोपऱ्या-कोपऱ्यात साटीन दाबून धरली, त्याच अंगठ्याने. मी मागायच्या आधीच क्षमा होऊन गेली होती. वधस्तंभाविषयी इतकी वर्षं ऐकलेलं त्या अंगणात पहिल्यांदा आत उतरलं.

त्या रविवारी साक्षीला उभा राहिलो, पण पडून दाखवलं नाही. कोणी हसलं नाही. बायकोने पदराने डोळे पुसले.

आता मोजताना पुढचा मीटर अंगठ्याच्या पलीकडून धरतो. मालक कुरकुरतात. हात अजूनही कधी कधी चुकायला पाहतो. म्हणून सकाळी दुकानाची पायरी चढताना मी प्रभूच्या हाती आधी तो अंगठाच देतो. त्याने अंगठा धरला की बाकीचा मी मुकाट मागे चालतो.