खिसेवालीचा पक्का टाका

परदेशी निघालेल्या माणसानं आधी बँकेत जावं आणि मग खिसेवालीकडे, असं त्या बाजारात सगळेच सांगत. जिन्याखालच्या, शिलाई मशीनपुरत्या जागेत बसून ही बाई पँटच्या कमरेत, कोटाच्या अस्तरात चोरखिसे शिवून द्यायची. "कापड फाटेल, पण माझी शिवण सुटायची नाही," असं ती छाती फुगवून सांगे, आणि ते खरंच होतं.

गिऱ्हाइकं प्रवासाहून परतली की तिच्याकडे गप्पा मारत बसत. ऐकून ऐकून ती स्वतःच सल्ले द्यायला लागली. "दोन कार्डं न्या, दोघांच्या अंगावर वेगवेगळी ठेवा. निघायच्या आधी बँकेला कळवा. आणि एटीएमनं विचारलं, हिशेब तुमच्या चलनात करू का, तर सरळ नाही म्हणा. तिथंच कात्री लावतात मेले!"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," नवरा चिडवायचा. "तू शहराची वेस तरी ओलांडलीस का कधी?"

आणि एक दिवस ताईचा फोन आला. ताई म्हणजे थोरली बहीण. नोकरीसाठी परदेशी गेली, तिथल्याच एका बेटावर राहिली, तिथंच विधवा झाली. आता साठीत ती बोटी दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या मिस्त्रीशी लग्न करणार होती. भावांनी "या वयात आमचं नाक कापलंस" म्हणून फोनच ठेवून दिले होते.

"माझ्या बाजूचं एक तरी माणूस शेजारी उभं राहिलं, तरच सही करीन," ताई म्हणाली. "नाहीतर नको. बेवारशासारखं लग्न नाही करायचं मला."

"मी येते!" खिसेवाली ओरडली. मग फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो, आणि ती आनंदानं आणि भीतीनं एकदमच घामाघूम झाली. नवरा पासपोर्टच्या मागे धावला, तिनं शिवायला घेतलं. एक कार्ड तिच्या पर्समध्ये, दुसरं नवऱ्याच्या नव्या पँटच्या कमरेत, चारी बाजूंनी दुहेरी दोऱ्यानं बंद.

विमानतळावर तपासणीत तिची कात्री काढून घेतली. माहेरचा दागिना गेल्यासारखं तिला वाटलं, पण विमान वर उठलं आणि ती लहान मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसली. उतरल्यावर बस, मग दुसरी बस, आणि जवळची थोडी रोकड तिथंच संपली. काही बिघडत नव्हतं. पुढचे पैसे धक्क्यावरच्या एटीएममधून काढायचे होते.

धक्क्यावर बेटाची शेवटची बोट उभी होती. ताईचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. तिकीटवाल्यानं कार्ड पाहून मान हलवली आणि दोन बोटं चोळून दाखवली. रोख हवे! खिसेवाली ऐटीत एटीएमकडे गेली. आकडा दाबला, तिच्या चलनाचं विचारलं त्याला ठणकावून नाही म्हटलं. कार्ड बाहेर आलं. पण घरचं एटीएम आधी नोटा देई आणि मग कार्ड, म्हणून ती नोटांची वाट बघत राहिली. ते टूं टूं करत राहिलं, तीही हसून बघत राहिली. शेवटी त्यानं कार्ड आत ओढलं आणि तोंड मिटलं. ना कार्ड, ना नोटा.

तिकडे बोटीचा भोंगा वाजला.

"अहो, पँट!"

"इथं?" नवरा चार पावलं मागे सरला. रांगेतली सगळी माणसं बघत होती.

"लाज नंतर वाटून घ्या!" तिनं त्याला खांबाशी उभं केलं, गुडघ्यांवर बसली, कमरेची पट्टी उलटली आणि दातांनी टाका धरला. सुटेना. नखं लावली, किल्ली घातली. किल्लीही वाकली. रांगेतल्या एका आजीनं डोळ्यांवर हात घेतला, पण बोटांच्या फटीतून ती बघतच होती.

"अगं, कुणासाठी एवढं पक्कं शिवलंस?" नवरा कळवळला.

"चोरासाठी!"

तिला रडू फुटलं. उभ्या जन्मात कुणाची शिवण कच्ची सोडली नाही, आणि आता त्याच हातांनी ताईचं लग्न अडवून धरलं होतं. तिनं डोळे पुसले, दोन्ही मुठींत कोरं कापड धरलं आणि जोर लावून टरकन फाडलं. चांगलं कापड तिनं आयुष्यात पहिल्यांदाच फाडलं होतं. कार्ड खाली पडलं. रांगेतून एकच आरडाओरडा झाला, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ती पुन्हा एटीएमकडे धावली, आणि या वेळी कार्डाचं टोक दिसताच तिनं ते उपटलंच. मागोमाग नोटा आल्या. नवरा एका हातानं पँट सावरत पुढे, ती तिकिटं घेऊन मागे, आणि खलाशानं दोरी सोडता सोडता दोघांना दंडाला धरून आत ओढलं. ती धापा टाकत हसत सुटली. नवराही हसला, पण पँट सोडायची त्याची टाप नव्हती.

बेटावर ताई धक्क्यावर एकटीच उभी होती. केस पांढरे झालेले, उभं राहणं मात्र तेच, कमरेवर हात ठेवून. खिसेवालीनं तिला मिठी मारली. ताई तिच्या खांद्यावरून बोटीकडे बघत राहिली. शेवटचा उतारू गेला, फळीही काढून घेतली.

"आणखी कुणी नाही?"

"नाही गं, ताई. आम्ही दोघंच."

ताईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितलं. मग ती वळली. लांब, दोरखंडांच्या ढिगाआड एक माणूस टोपी हातात चुरगाळत उभा होता. बोटीतून कुणीच आलं नाही तर ताईला एकटीला रडता यावं, म्हणून तो तिथं थांबला होता.

"अहो, या!" ताईनं सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "माझं माहेर आलंय!"

तो धावतच आला.